सशाचे सुतक

मराठीत माणूस मरतो तेव्हा भाषा लगबगीने पुढे येते. तो वारतो, जातो, देवाघरी जातो, कैलासवासी होतो. वर्तमानपत्रात त्याचे निधन होते, शोकसभेत तो आपल्यातून निघून जातो. 'मेला' हे रूप त्याच्या वाट्याला आलेच तर ते शिवीत, किंवा अगदी जवळच्या माणसाने फोडलेल्या हंबरड्यात. जनावर मात्र नुसते मरते. कोंबडी मरते, मांजर मरते, रस्त्यावरचे कुत्रे तर 'मरून पडलेले' असते. या वर्गवारीला आमच्या भागात एकच ठळक अपवाद आहे. शेतकरी आपल्या बैलाविषयी 'मेला' म्हणत नाही. 'बैल गेला' म्हणतो, आणि म्हणताना बहुधा जमिनीकडे पाहतो. ऐकणाराही मग क्षणभर गप्प राहतो आणि नंतर विचारतो, "किती दाती होता?"

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. घर लिंबागणेशला, नोकरी बीडला, महाविद्यालये दोन आणि विषय एक. शब्दांच्या अशा छटा वर्गात उलगडून दाखवण्याचाच आम्हाला पगार मिळतो. तरीही २०२५ च्या फेब्रुवारीत आमच्या घरातला ससा गेला तेव्हा कुणाला सांगताना कोणते क्रियापद वापरावे, हे आम्हाला ठरवता येईना. 'मेला' म्हणवत नव्हते. 'गेला' म्हटले की समोरचा विचारी, "कुठं? पळून का?" सुतकाचे तर नावच नको. ते रक्ताच्या नात्याने लागते, तीन दिवसांचे की दहा दिवसांचे हे पिढ्यांच्या अंतरावरून ठरते, आणि त्या गणितात चार पायांना जागा नाही. त्या दिवशी दोघांनीही नैमित्तिक रजेचे अर्ज दिले. कारणाच्या रकान्यात 'घरगुती' असे लिहिले. आज विचार केला तर त्या आठवड्यात आम्ही वापरलेला तोच सर्वांत नेमका शब्द होता असे वाटते.

प्रस्तुत लेख त्या सशाविषयी आहे, पण त्याहून अधिक एका प्रश्नाविषयी आहे. ज्याने आपल्यासाठी काहीही केलेले नाही, ज्याचा कशालाही उपयोग नव्हता, अशा जिवासाठी शोक करायला आपल्या भाषेत आणि आपल्या परंपरेत जागा आहे का?

आधी त्याची ओळख करून देतो. त्याचे नाव पांडू. पांढरा म्हणून पांडू; पंडुराजाशी किंवा हवालदाराशी संबंध नाही, तरी गावातली मुले दोन्हींचे विनोद करून मोकळी झाली. तो न्यूझीलंड व्हाइट जातीचा होता. नावात न्यूझीलंड असले तरी मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या सशांची ही जात आपल्याकडे शेडांतून सर्रास दिसते. कुणा एकाने हौसेने आणि कर्जाने घातलेले असेच एक शेड २०१९ च्या डिसेंबरात मोडले. धडधाकट ससे विकले गेले. एक पिल्लू कुणी विकतही घेईना आणि फुकटही नेईना, कारण त्याचे मागचे दोन्ही पाय बाजूला फाकलेले होते. पोहणाऱ्या बेडकाने पाय पसरावेत तसे ते पसरलेले असत आणि पिल्लू पुढच्या पायांनी स्वतःला ओढत चाले. पाय फाकण्याचा हा दोष कधी जन्मजात असतो, कधी पिल्लाची हाडे कोवळी असताना पायाखाली गुळगुळीत जमीन आल्याने वाढतो. याच्या बाबतीत काय घडले ते कळायला मार्ग नव्हता. आमच्या एका विद्यार्थ्याने त्याला खोक्यात घालून आणले आणि आमच्या ओसरीवर ठेवले. "सर, मॅडम, तुमच्याकडं जागा हाय म्हणून," एवढेच त्याचे समर्थन होते.

त्याचे पाय सुधारणार नाहीत हे पहिल्या आठवड्यातच समजले. दात वाकडे आहेत हे नंतर समजले. सशाचे दात आयुष्यभर वाढत असतात. पुढचे दात आठवड्याला साधारण २ ते ३ मिलिमीटर वाढतात आणि एकमेकांवर घासून आपोआप झिजतात. पांडूचे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसतच नव्हते. त्यामुळे दर चार-पाच आठवड्यांनी ते बारीक फिरत्या कानसीने घासून घ्यावे लागत. ज्यांनी हे काम पाच वर्षे केले त्या पशुवैद्यांचा हात गाई-म्हशींवर बसलेला. पहिल्या दिवशी त्यांनी पांडूला हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, "शिकताना ससा प्रयोगशाळेत बघितला होता. पेशंट म्हणून पहिल्यांदाच बघतोय." पुढच्या खेपेला ते वाचून आले होते.

२०२० च्या मार्चअखेर देशभर टाळेबंदी लागली, महाविद्यालये बंद पडली आणि आम्हाला सशाचा अभ्यास करायला सक्तीची सवड मिळाली. चित्रांतला ससा गाजर खातो. खऱ्या सशाला गाजर हा खाऊ, आणि गवत हे जेवण. वाळलेले गवत दिवसभर चघळत राहणे ही त्याच्या दातांची आणि पोटाची गरज असते. त्याला ओकता येत नाही, म्हणून पोटात गेलेले सगळे पुढेच सरकावे लागते, आणि ते सरकणे थांबले की काही तासांत जिवावर बेतते. त्याहून विलक्षण गोष्ट अशी की ससा आपल्या विष्ठेचा एक मऊ प्रकार शरीरातून बाहेर पडतानाच तोंडाने उचलून खातो. ऐकताना किळस येते. पण त्यात त्याला लागणारी जीवनसत्त्वे आणि प्रथिने असतात, आणि पहिल्या फेरीत न पचलेले अन्न तो असे दुसऱ्या फेरीत पचवतो. गाय रवंथ करते, त्यातलाच हा प्रकार. पाय फाकलेल्या सशाला मात्र मान तिथवर वळवता येत नाही. म्हणून पहाटे पाचला उठून त्या मऊ गोळ्या चमच्याने गोळा करून त्याच्या तोंडासमोर धरणे हे आमच्यापैकी एकाचे काम झाले. दुसऱ्याचे काम त्याची मागची बाजू कोमट पाण्याने धुऊन कोरडी करण्याचे. तो आपल्याच मूत्रावर बसे. कातडी ओली राहिली तर सोलवटते, माशी बसते, अंडी घालते आणि जिवंतपणी किडे पडतात. पावसाळ्याचे चार महिने हे काम दिवसातून तीनदा करावे लागे.

उन्हाळ्याचा बंदोबस्त निराळा. ससा घामावाटे थंड होत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. पारा तिशीच्या वर गेला की त्याला त्रास सुरू होतो, आणि आमच्याकडे मे महिन्यात तो चाळिशी ओलांडतो. ओले गोणपाट, माठाच्या शेजारची जागा, फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली आणि दर तासाला कानांवरून फिरवलेला ओला हात, अशा रीतीने पाच उन्हाळे काढले. वीज गेली की घरातली माणसे आधी पांडूकडे आणि मग पंख्याकडे पाहत.

हे सारे तपशील कौतुकासाठी दिलेले नाहीत. 'ससा पाळला होता' या तीन शब्दांत काय मावत नाही ते दाखवण्यासाठी दिले आहेत. अपंग जनावराशी जडलेले नाते हे भावनेआधी कामाचे असते. त्याचे दिवसाचे वेळापत्रक असते, त्याला सुट्टी नसते, लग्नकार्याला दोघांनी मिळून जाता येत नाही. हे काम थांबले तेव्हा आमच्या दिवसात जे रिकामे झाले त्यालाच आम्ही दुःख म्हणतो आहोत. पहाटे पाचला जाग येई आणि हाताला काही काम नसे.

भाषेच्या अध्यापकांच्या घरी तो आला होता आणि त्याला आवाज नव्हता, यातली गंमत आमच्याही ध्यानात आली. सशाला ओरड नसते असे नाही. पण ती जिवावर बेतल्यावरचीच. एरवी तो मुका. शिकार होणाऱ्या प्राण्याला दुखणे दाखवणे परवडत नाही, म्हणून तो ते लपवतो. आम्ही त्याची लिपी सावकाश शिकलो. दात हलकेच वाजवले तर तो सुखात आहे. तेच दात कडाकडा वाजले तर दुखते आहे. धोका दिसला की ससे मागचा पाय जमिनीवर आपटून इतरांना सावध करतात. पांडूला पाय आपटता येत नसत. तो दोन्ही कान ताठ करी आणि आमच्याकडे पाही, म्हणजे ती सूचना देण्याचे काम आता आमचे. डोके तो सतत डावी-उजवीकडे डोलवी. नव्या माणसाला वाटे, गाणे ऐकतो आहे. खरे कारण असे की लाल डोळ्यांच्या पांढऱ्या सशांना अंधुक दिसते, आणि समोरची वस्तू किती दूर आहे हे ते डोके हलवून अजमावतात.

आता प्रमाणाचा प्रश्न. तो आम्हाला इतरांनी विचारला त्याच्या कितीतरी आधी आम्हीच स्वतःला विचारला होता. बीड जिल्ह्यात बसून सशासाठी रडणे शोभते का? दिवाळी सरली की या जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. आमच्या वर्गातले बाक नोव्हेंबरात रिकामे होतात आणि काही पुन्हा भरतच नाहीत. २०१८-१९ च्या दुष्काळात जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या उघडाव्या लागल्या. माणसे जनावरांसह महिनोन्‌महिने छावणीत राहिली. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची बातमी आमच्याकडे आतल्या पानावर येते. आणि आम्ही मात्र दोन पगारांच्या घरात बसून सशासाठी गवत वाळवत होतो.

एका विद्यार्थिनीने हे स्पष्ट बोलून दाखवले. तिचे आईवडील कोयता घेऊन सहा-सहा महिने बाहेर असत. पांडू गेल्यावर ती घरी आली होती. रिकामा कोपरा पाहून म्हणाली, "मॅडम, राग मानू नका. पण एवढं आमच्याकडं माणसाचं बी करीत न्हाईत." तिच्या बोलण्यात कुचका सूर नव्हता, ती एक वस्तुस्थिती सांगत होती. आमच्याकडे त्यावर उत्तर नव्हते आणि आजही नाही. एका दुःखाने दुसरे दुःख लहान होत नाही, असले वाक्य निबंधात ठीक असते. तिच्यासमोर ते उच्चारण्याची आमची हिंमत झाली नाही. आम्ही चहा केला. ती पांडूच्या खोक्यापाशी बसली आणि थोड्या वेळाने तिने विचारले, "ह्याला बसता येत नव्हतं तर झोपायचा कसा?" आम्ही दाखवले. जुन्या सतरंजीची गुंडाळी करून त्याच्या दोन्ही बगलांना लावत असू, त्या आधारावर तो झोपे. तिने ती गुंडाळी हातात घेऊन पाहिली. तिच्या आजीला, ती म्हणाली, अशीच लावावी लागते.

या प्रसंगापासून आम्ही तुलना करणे सोडून दिले. दुसऱ्याच्या शरीराचा भार उचलण्याच्या या विद्येत माणूस आणि जनावर असे वेगळे अभ्यासक्रम नसावेत. ज्या घरात अंथरुणाला खिळलेले म्हातारे माणूस आहे त्या घरातल्या लोकांना पांडूविषयी फारसे समजावून सांगावे लागत नसे. हसणारे बहुधा असे असत, ज्यांना आजवर कुणाला कूस बदलून द्यावी लागली नव्हती.

शेवट दोन दिवसांचा होता. सोमवारी त्याने गवताला तोंड लावले नाही, मंगळवारी पोट नगाऱ्यासारखे ताठ झाले. औषधे झाली, सलाईन झाले, रात्रभर पोटावर हलक्या हाताने मालीश झाली. बुधवारी सकाळी पशुवैद्य आले, त्यांनी नळी लावून पोट ऐकले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. दात कडाकडा वाजत होते. ती लिपी आम्हाला येत होती. त्यांनी इंजेक्शनचा पर्याय सांगितला. सांगताना त्यांनी जो शब्द वापरला तो आम्ही विसरणार नाही: "सोडवू या का त्याला?" कोशात याला 'दयामरण' असा शब्द आहे, पण त्यात मरण शिल्लकच राहते. इंग्रजीत बोलणारे 'झोपवणे' म्हणतात, ते खोटे वाटते. 'सोडवणे' हा दावणीचा शब्द आहे. आमच्या गावात फार हाल सोसून गेलेल्या माणसाबद्दलही 'सुटला' असेच म्हणतात. त्या सकाळी माणसाच्या आणि जनावराच्या मरणाला एकच क्रियापद मिळाले. आम्ही हो म्हटले. तो ओसरीवरच, आमच्यापैकी एकाच्या मांडीवर गेला. कान शेवटपर्यंत ताठ होते आणि मग नव्हते.

पुरायचे कसे, हा प्रश्न आम्ही कुणाला विचारला नव्हता. शेजारचे एक शेतकरी कुदळ आणि मिठाची पिशवी घेऊन स्वतःच आले. वयाने आमच्याहून वीस वर्षांनी मोठे. त्यांचा एक बैल आदल्या वर्षी गेला होता. त्यांनी बांधाजवळच्या सीताफळीखाली जागा दाखवली, खड्डा आमच्या अंदाजापेक्षा दुप्पट खोल घेतला. "वर घेतलं की कुत्री उकरत्यात," ते म्हणाले. तळाशी मीठ पसरले, पांडूला फडक्यात ठेवले, वर पुन्हा मीठ घातले. बैलालाही असेच पुरतात. माती ओढून झाल्यावर ते उकिडवे बसले आणि त्यांनी विचारले, "किती वर्षाचा व्हता?" पाच वर्षांचा, आम्ही सांगितले. "कवापासून खाईना?" सोमवारपासून. "दवाखाना केला व्हता नव्हं?" हो. "मग झालं," ते म्हणाले. कुणाच्या घरी माणूस गेल्यावर भेटायला आलेला माणूस हेच तीन प्रश्न याच क्रमाने विचारतो. शोक करण्याची रीत आपल्याकडे नाही असे आम्ही समजत होतो. ती मिठाच्या पिशवीतून चालत आली.

त्यानंतरच्या दिवसांत, अध्यापकी सवयीने, आम्ही परंपरेत शोधाशोध सुरू केली. जनावरांची स्मारके महाराष्ट्रात कमी नाहीत. पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखी वेद वदवले अशी कथा आहे त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यातल्या आळे गावी आहे, आणि तिला भाविक अजूनही हात जोडतात. साताऱ्याजवळ संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत त्याने महाराजांना वाघापासून वाचवले असे सांगतात. रायगडावरचे वाघ्याचे स्मारक १९३६ मध्ये होळकरांच्या देणगीतून उभे राहिले. त्याच्या कथेला समकालीन आधार नाही म्हणून वाद होत आले आहेत, आणि २०२५ च्या मार्चमध्ये ते हटवण्याची मागणी पुन्हा झाली. आमचा ससा गेल्याला तेव्हा महिना झाला होता. दूरचित्रवाणीवर एका कुत्र्याच्या चौथऱ्यावरून घमासान चालले होते आणि आम्ही ते जरा निराळ्या कानांनी ऐकत होतो.

या सगळ्या स्मारकांत एक सूत्र दिसते. रेडा वेद बोलला, खंड्याने राजाला वाचवले, वाघ्याने चितेत उडी घेतली असे लोकांनी मानले, बैल जन्मभर राबला. प्रत्येकाचे आपल्यावर काही देणे आहे, आणि समाधी किंवा पोळा ही त्या देण्याची पावती आहे. जातककथेतला ससाही याला अपवाद नाही. दारी आलेल्या याचकाला द्यायला काही नाही म्हणून त्याने स्वतःला आगीत झोकले, आणि त्याची आठवण म्हणून शक्राने चंद्रावर त्याचे चित्र काढले. म्हणजे चंद्रावरची जागाही त्याने कमावलेलीच. लिंबागणेशच्या माणसाला ही कथा थोडी जवळची वाटते, कारण आमच्या गावचा गणपती भालचंद्र. शापित चंद्राने इथे तपश्चर्या केली अशी आख्यायिका आहे आणि इथल्या तीर्थाचे नाव चंद्रपुष्करिणी. शशी, शशांक, शशधर ही चंद्राची नावे आम्ही वर्गात फोड करून शिकवतो: शश म्हणजे ससा. पण पांडूने काय कमावले होते? त्याने गवत खाल्ले आणि आमची झोप मोडली.

उत्तर मिळाले ते आमच्याच अभ्यासक्रमात, 'लीळाचरित्रा'त. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी संकलित केलेल्या या ग्रंथात एका सशाची लीळा आहे. पारध्यांनी आणि कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा धावत येऊन चक्रधरस्वामींच्या मांडीखाली दडतो. पारधी मागे येतात आणि आपली शिकार मागतात. स्वामी देत नाहीत. तो शरण आला आहे, एवढेच त्यांचे कारण. पुढे धोका टळल्यावर ते त्या सशाला मानाच्या संबोधनाने हाक मारून वाट मोकळी करून देतात. वर्षानुवर्षे आम्ही ही लीळा अहिंसेचा धडा म्हणून शिकवली. महानुभाव पंथाचे आचारसूत्र म्हणून तिच्यावर प्रश्नही काढले. आता वाचताना वेगळेच काही दिसले. त्या सशाने चक्रधरांसाठी काहीही केलेले नाही. तो आधी नाही, नंतर नाही, उपयोगाचा नाही. तो फक्त आला. आणि येण्याने देणे निर्माण झाले, ते त्याच्या अंगावर नव्हे, ज्याच्या मांडीखाली तो शिरला त्याच्या अंगावर. मराठी गद्याच्या अगदी आरंभी, उपकाराच्या हिशेबाबाहेरचा एक ससा बसलेला आहे.

एक फरक मात्र नोंदवला पाहिजे. लीळेतला ससा रानातला होता. मराठीत 'ससा' हा एकच शब्द दोन निराळ्या प्राण्यांना पुरवला जातो. बालाघाटाच्या माळावर उडणारा आपला रानससा जन्मतः केसाळ आणि उघड्या डोळ्यांचा असतो. पाळीव ससा मूळचा युरोपातला, बिळात राहणारा. त्याची पिल्ले उघडी आणि आंधळी जन्मतात. दोघांचा संकर होत नाही. रानसशाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे, तो घरात ठेवता येत नाही. जखमी सापडला तर वनविभागाला कळवायचे, आणि आमच्या जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यातल्या तागडगावला सर्पराज्ञीसारखे केंद्र आहे, जिथे अशा जिवांवर उपचार करून त्यांना पुन्हा रानात सोडतात. शरण आलेल्याला जपायचे आणि मग वाट मोकळी करायची, ही लीळेतली रीत तिथे पाळता येते. पांडूला सोडायला रान नव्हते. माणसाने शेकडो वर्षे घडवलेला, शेडात जन्मलेला, पाय फाकलेला जीव मांडीखालून उठून कुठे जाणार? त्याच्या बाबतीत शरण देणे याचा अर्थ शेवटपर्यंत बसून राहणे असा होता. चक्रधरांना मांडी उचलता आली. आम्हाला ती उचलायला पाच वर्षे दोन महिने लागले, आणि तेव्हाही इंजेक्शन लागले.

सुतक लागत नाही हे खरेच आहे, आणि ते लागावे असा आमचा आग्रहही नाही. सुतकाला दिवस ठरलेले असतात; हे कधी फिटले ते आम्हाला सांगता आले नसते. एवढे मात्र झाले की मध्यंतरी गावातल्या एका घरी म्हातारी मांजर गेली आणि त्या घरचा मुलगा शाळेत न जाता बसून राहिला, तेव्हा आम्ही त्याच्याकडे गेलो. किती वर्षांची होती, कधीपासून खात नव्हती, दवाखाना केला होता का, असे विचारले. तो सगळे सांगत गेला.

२०२५ चा पावसाळा मराठवाड्यावर तुटून पडला. सप्टेंबरात बीड जिल्ह्यातल्या नद्यांनी शेते धुऊन नेली. आमच्या बांधाचीही बरीच माती गेली. पाऊस उघडल्यावर सीताफळीखाली पाहिले तर खड्डा वीतभर दबला होता. शेजारच्या त्याच शेतकऱ्यांनी न सांगता चार पाट्या माती आणून टाकली. त्यांचे स्वतःचे सोयाबीन तेव्हा पाण्यात होते. अंगणातली हरळी, जी पांडू असताना कधी बोटभरही वाढू शकली नव्हती, ती आता गुडघ्याला लागते आहे. शेजारच्या आजी चतुर्थीला येऊन तिच्यातल्या एकवीस जुड्या गणपतीसाठी खुडून नेतात.